मदत हवी आहे : कोड माझा, खेळाडू साइटच्या खात्यात. पोकर ॲफिलिएटचं अडकलेलं कमिशन कसं मागायचं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, विश्रामबागेतला. मराठीतून पोकर शिकवणारं टेलिग्राम चॅनेल चालवायचो, पॉट ऑड्स, पोझिशन वगैरे. त्यातूनच एका पोकर साइटचा ॲफिलिएट (कमिशनवर खेळाडू आणून देणारा) झालो (नाव लिहीत नाही). ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला आणि पैशांची टेबलं बंद झाली. शेवटचं कमिशन अडकलंय, आणि भांडण मोजणीवर आहे.

करार रेव्हेन्यू शेअरचा. खेळाडूच्या पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) साइट जो रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, कापते, त्यातून बोनस वजा जाता उरेल त्यातला ठरलेला टक्का माझा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. म्हणजे शंभर भरले की त्यातच कर धरून (१०० × २८/१२८) २१.८८ रुपये करात. खेळाडू पळू नयेत म्हणून साइट तेवढीच रक्कम बोनस म्हणून द्यायची, आणि तो बोनसही माझ्याच हिशेबातून वजा! ते एक वेळ सोसलं.

खरी गोम ट्रॅकिंगची. माझी लिंक दाबली की ब्राउझरमध्ये कुकी (खेळाडू माझ्याकडून आल्याची खूण) बसते. पण पोरं लिंक उघडणार टेलिग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये, तिथून एपीके (ॲपची थेट फाइल) उतरवणार आणि खातं काढणार ॲपमध्ये, जिथे ती कुकी पोचत नाही. प्ले स्टोअरवरून इन्स्टॉल झालं असतं तर रेफररची (कुणाच्या लिंकवरून आला याची) माहिती ॲपपर्यंत गेली असती. एपीकेत तीही सोय नाही. म्हणून सगळी भिस्त खेळाडू स्वतः टाकतो त्या माझ्या बोनस कोडवर.

आता हे बघा. कवठेमहांकाळच्या एका पोराने खातं काढताना माझा कोड टाकला, स्क्रीनशॉट आहे. पहिले पैसे भरताना साइटनेच 'जास्त बोनस' म्हणून स्वतःचा कोड पुढे केला. त्याने तो घेतला, कोण सोडेल? झालं, माझ्या डॅशबोर्डवरून (साइटवरच्या माझ्या हिशेबाच्या पानावरून) तो गायब. असे बरेच आहेत. हळद आमची, गोणीवर शिक्का त्यांचा. करारात 'नोंदणीच्या वेळचा कोड ग्राह्य' असं आहे. साइटचा मॅनेजर म्हणतो, सिस्टिम शेवटचा कोड धरते.

पुरावा म्हणून काय चालेल? आणि चॅनेलवरच्या जुन्या पोस्टमध्ये कोड अजून आहेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद १
सिस्टिम काय धरते ते त्यांच्या घरी, तुमचा व्यवहार करारावर. त्या कलमाचा आणि डॅशबोर्डचा तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढा, लॉगिन कधी बंद करतील नेम नाही. साइटला गायब खेळाडूंची यादी द्याल त्यात प्लेअर आयडी आणि नोंदणीची तारीख एवढंच द्या, पोरांचे मोबाइल नंबर नकोत. लवादाचं कलम आहे का आणि कोणत्या शहरातलं, तेही बघा. सांगलीहून तिकडे खेटे घालायचे तर रक्कम तेवढी हवी.

प्रतिसाद २
मी साताऱ्यात सीएकडे कामाला आहे. तुमचं २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचं आयकर खात्याकडचं विवरण) उघडा. कमिशनवर बहुधा आयकर कायद्याच्या कलम १९४एच खाली टीडीएस कापला असेल, ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के होता. कंपनीने रक्कम तुमच्या नावे जमा दाखवली की पैसे दिले नसले तरी टीडीएस कापावा लागतो. न मिळालेल्या महिन्याची नोंद तिथे दिसली, तर देणं त्यांच्याच पुस्तकात आहे. स्क्रीनशॉटपेक्षा हे वजनदार.

प्रतिसाद ३
कोडवाल्या पोस्ट आधी जतन करा, मग काढून टाका. कायद्यात जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि हो, परदेशी साइटवाले 'तुमचे खेळाडू आमच्याकडे वळवा, कमिशन क्रिप्टोत' म्हणून मेसेज करतील. तीही जाहिरातच.

धागाकर्ता
आले ते मेसेज, ब्लॉक केले. कोड काढले.

साताराकर, २६एएस उघडलं ओ! जुलैची नोंद आहे, आणि रक्कम डॅशबोर्डपेक्षा जास्त आहे. ऑगस्टचं काहीच नाही. साइटला पाठवायच्या नोटिशीत कुठला आकडा लिहू?

प्रतिसाद २
जुलैला २६एएसचा. आधी जास्त धरून नंतर खेळाडू वगळले असावेत, त्यामुळे फरकाचा खेळाडूवार हिशेब लेखी मागा. ऑगस्टसाठी करार आणि आयडींची यादी जोडा. दावा तीन वर्षांत लावावा लागतो, तेव्हा फोनवरच्या 'बघतो साहेब' वर बसू नका.