शब्दचर्चा : कस्टम विजेट सानुकूल, घडवलेलं की बेतलेलं?

दांडियाबाजार :
बडोद्यात नकाशांच्या कामाला लागलेल्या मराठी मुलामुलींसाठी मी डोजो टूलकिटवर, म्हणजे वेब पानं बांधायच्या जावास्क्रिप्टच्या एका संचावर, मराठीतून टिपणं लिहिते आहे. वेब अ‍ॅपबिल्डर या नकाशांची वेब अ‍ॅप बनवायच्या साधनावर पूर्वी केलेले प्रकल्प आम्हाला अजून सांभाळावे लागतात आणि ते सगळे डोजोवर उभे आहेत. मुलं कॉलेजातून रिअ‍ॅक्ट हा वेगळाच संच शिकून येतात आणि इथे त्यांच्या हातात कस्टम विजेटचं, म्हणजे पानावरचा बटण किंवा यादीसारखा कामाचा भाग स्वतः लिहिण्याचं, काम पडतं. माझं टिपण शीर्षकापाशीच अडलं आहे. मोबाइलच्या मराठी मेनूंमुळे ‘सानुकूल’ शब्द सगळीकडे पसरला आहे, पण इथे तो मला पटत नाही. काळ सानुकूल असतो, वारा सानुकूल असतो, म्हणजे आपल्या बाजूचा असतो. तयार विजेटची रुंदी, मजकूर, रंग आपल्याला हवा तसा करून घेतला तर त्याला ‘सानुकूल करून घेतलं’ म्हणता येईल. डिक्लेअर (नवा क्लास, म्हणजे विजेटचा आराखडा, मांडायची डोजोची आज्ञा) लिहून नवं विजेट उभं करायचं तर? आणि दुसरा प्रश्न, ‘विजेटला’ लिहू की ‘विजेटाला’?

इंदूरकर :
ताई, आमच्या इंदुरात मराठी घरातला मुलगासुद्धा ‘पुर्जा’ म्हणेल. तुमच्याकडे ‘घटक’ चालत नाही का? ‘स्वनिर्मित घटक’ असं शीर्षक करा.

दांडियाबाजार :
‘घटक’ मी एलिमेंटसाठी राखून ठेवला आहे. पानावरचा एकेक टॅग हा घटक आणि अनेक घटक, त्यांचं वागणं, त्यांची स्थिती हे सगळं मिळून विजेट. दोन्हींना एकच शब्द दिला की दुसऱ्या परिच्छेदातच मुलांचा गोंधळ होतो. पुर्जा सुटा असतो, त्याला स्वतःचं आयुष्य नसतं. डोजोच्या विजेटला ते असतं : ते तयार होतं, पानावर येतं, शेवटी नष्ट करावं लागतं.

रावपुरा :
विजेट हा शब्द आहे तसा राहू द्या. 1980च्या दशकात एमआयटीत पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीसाठी टूलकिट लिहिलं गेलं, तेव्हा तो तिथे मुद्दाम निवडला गेला, कारण बाकीच्या रुळलेल्या शब्दांना आधीचे अर्थ चिकटलेले होते. जो शब्द रिकामा होता म्हणून घेतला, त्याच्या जागी आपण अर्थाने भरलेला ‘पुर्जा’ किंवा ‘घटक’ कशाला आणायचा? डोजोने तर विजेटला स्वतःचं नाव जोडून ‘डिजिट’ असा नवा शब्दच केला.

लिंग नपुंसक. ते विजेट, ती विजेटं. ‘टेबल’ मराठीत मुरलं म्हणून आपण ‘टेबलावर’ म्हणतो, पण ‘लॅपटॉपावर’ म्हणत नाही. नवा शब्द एकवचनात सहसा वाकत नाही, म्हणून ‘विजेटला’, ‘विजेटमध्ये’. अनेकवचनात मात्र ‘विजेटांना’, ‘विजेटांची’ हेच कानाला बरं लागतं. मुलं तेच बोलतात, तेच लिहा.

मात्र ‘कस्टम’ला मराठी शब्द हवाच. आपल्या बडोद्याने 1931 साली राज्यकारभाराचा कोश काढला आणि इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय मांडले. तो श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू चाळताना एक गोष्ट लक्षात राहते : शब्दाची किंमत तो शेजारच्या शब्दापासून किती वेगळा राहतो यावर ठरते. तुमच्या कामात ‘कस्टम’च्या शेजारी कोणते शब्द येतात ते आधी सांगा.

दांडियाबाजार :
काका, हा प्रश्न नेमका आहे. शेजारी ‘वारसा’ येतो. डोजोत कोणी शून्यापासून विजेट लिहीत नाही. डिक्लेअरला एक यादी द्यायची : पहिलं नाव पायाच्या क्लासचं, बहुधा विजेटबेस, आणि पुढची नावं मिक्सिनांची, म्हणजे वरून मिसळायच्या तयार गुणांची, त्यात टेम्प्लेटेड मिक्सिन जवळपास नेहमीच. मग आपलं वेगळेपण लिहायचं. पोस्टक्रिएटमध्ये, म्हणजे विजेट घडल्यावर चालणाऱ्या भागात, आपलं काम करायच्या आधी ‘धिस डॉट इनहेरिटेड’ म्हणून वरच्या क्लासला त्याचं काम करू द्यायचं. म्हणजे ‘घडवलेलं’ म्हटलं तर वारसा सुटतो आणि ‘सानुकूल’ म्हटलं तर नवेपण सुटतं.

रावपुरा :
मग ‘बेतलेलं’ म्हणा. कथेवर बेतलेलं नाटक म्हणतो तेव्हा मूळ कथा आणि नवं नाटक दोन्ही दिसतात. शिंपी कापड बेततो तेव्हा माप गिऱ्हाइकाचं असतं. आपल्याकडचा गुजराती शिंपी त्यालाच ‘वेतरवुं’ म्हणतो, त्यामुळे बडोद्याच्या मुलांना फोड करून सांगावी लागणार नाही. ‘विजेटबेसवर बेतलेलं विजेट’ : आधार आला, माप आलं, आणि वाक्य मराठी राहिलं.

इंदूरकर :
हे आवडलं. पण ‘जिवावर बेतणं’ आठवणार नाही ना कोणाला?

रावपुरा :
तिथे जिवावर काय बेततं हे प्रसंगच सांगतो. वाक्यात क्लासचं नाव असलं की तो अर्थ आसपासही येत नाही.

दांडियाबाजार :
‘बेतलेलं’ घेते. या शब्दाने टिपणातली आणखी दोन ठिकाणं सुटली. एक साच्याचं. टेम्प्लेटला ‘साचा’ मराठी विकिपीडियावर रुळलेलाच आहे. डोजोत साच्याला मुळाशी एकच घटक लागतो. शेजारीशेजारी दोन डिव्ह (चौकटीसारखे टॅग) ठेवले की चालत नाही, त्यांना बाहेरून एक डिव्ह घालावा लागतो. ‘साच्याचा बाहेरचा घटक एकच’ एवढं लिहिलं की पुरतं.

दुसरं ठिकाण जास्त नाजूक आहे. मुलं पोस्टक्रिएटमध्ये विजेटची रुंदी मोजतात आणि शून्य हाती येतं. मी आधी दोन्ही टप्प्यांना ‘तयार होणं’ लिहीत होते, त्यातून हे कळतच नव्हतं. आता असं लिहिलं आहे : ‘पोस्टक्रिएटच्या वेळी विजेट घडलेलं असतं, पण पानावर बसलेलं असेलच असं नाही. मोजमाप स्टार्टअपमध्ये करा, तेव्हा ते जागेवर बसलेलं असतं.’ स्टार्टअप आपणहून कधी होतो आणि कधी आपण बोलवायचा असतो, ते पुढच्या टिपणात घेईन. पानावरचे टॅग वाचणाऱ्या पार्सरने पानावरून विजेट उभं केलं तर तो बोलवतो. आपण कोडमधून नवं विजेट काढून सुट्ट्या जागी ठेवलं तर आपल्यालाच बोलवावा लागतो.

रावपुरा :
‘घडणं’ आणि ‘बसणं’ छान वेगळे झाले. एक सुचवतो. डिक्लेअरमध्ये गुणधर्म म्हणून रिकामा अ‍ॅरे, म्हणजे रिकामी यादी, लिहिला की त्या क्लासची सगळी विजेटं तोच एक अ‍ॅरे वापरतात. एकाने भर घातली की दुसऱ्यात दिसते. त्याला ‘शेअर्ड’ न म्हणता ‘सामाईक’ म्हणा. सामाईक विहिरीचं पाणी कोण उपसतो यावरून काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

दांडियाबाजार :
घेतला. वाक्य असं केलं : ‘अ‍ॅरे सामाईक नको असेल तर तो कन्स्ट्रक्टरमध्ये प्रत्येक विजेटसाठी वेगळा तयार करा.’ कन्स्ट्रक्टर म्हणजे विजेट घडायला लागतानाच चालणारा भाग. मिक्सिनला मात्र मी मिक्सिनच ठेवते आहे. ‘मिसळण’ लिहून पाहिलं, पण कोडमध्ये नाव मिक्सिन आणि टिपणात मिसळण, असं झालं की शोधताना मुलांची अडचण होते.

इंदूरकर :
बरोबर आहे. जे नाव कोडमध्ये टाइप करायचं ते तसंच राहू द्या आणि त्याचं काम मराठीत सांगा. शीर्षक काय ठरलं?

दांडियाबाजार :
‘डोजोत स्वतःचं विजेट बेतणं’.