लागर म्हणजे रंगीत पाणी?

कडूजहर:
काल सात मित्र, बिअरच्या सहा बाटल्या, सगळ्या घरी बनवलेल्या. सुरुवात माझ्या कडक, कडू डबल आयपीएने, मग काळी स्टाउट, मग बाकीच्या, शेवटी एका मित्राची पिल्सनर, म्हणजे हलकी सोनेरी लागर. निकाल एकमताने: पिल्सनर म्हणजे रंगीत पाणी. लागरच्या नादाला लागू नका राव.

फेसाळ:
गप्प बसणार होतो, जमलं नाही. आधी कानाशी ढोल बडवायचा आणि मग म्हणायचं बासरी ऐकूच येत नाही! टेस्टिंग हलक्यापासून सुरू करतात, डबल आयपीए सगळ्यात शेवटी, एवढंही ठाऊक नसेल तर निकाल कसले लावता? आणि पिल्सनर बनवून बघा एकदा. यीस्ट दहा-बारा डिग्रीला सांभाळायचं, मग गारठ्यात आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवायचं, आणि एवढं करून चूक लपवायला जागाच नाही. आयपीएत काय, हॉप्सची कडू फुलं ओतली की सगळी पापं धुऊन निघतात.

कडूजहर:
पुस्तकी बाता. आयपीएला, म्हणजे इंडिया पेल एलला, इतिहास आहे, हिंदुस्तानपर्यंतच्या जहाजप्रवासात टिकावी म्हणून जन्मली म्हणतात ती.

बुधला:
त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही ढिगाने जायची, ती काय बुडाली का वाटेत? आणि इतिहासच काढायचा तर १८४२ ची पिल्सेनची पहिली पिल्सनरही काढा. ते जाऊदे, त्या पिल्सनरला फेस होता का? फेसासाठी बाटलीत साखर किती होती? विचारतो कारण मी वीस लिटरला मोजून १२० ग्रॅम घातली, एअरलॉकचे (गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबल्यावरच बाटल्या भरल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता कपाटात फटाफट चार बाटल्या फुटल्या. बायको अजून बोलते.

फेसाळ:
साखर बरोबर होती. बुडबुड्यांवर कशाला विसंबलात? फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, रेंगाळलं तरी ते थांबतात, आणि उरलेली साखर मग बाटलीत गॅस करते. हायड्रोमीटरचा (घनता मोजायच्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरायच्या.

बुधला:
११ वर्षं बनवतोय मी. शिकवू नका.

फेसाळ:
११ वर्षं आणि हायड्रोमीटर नाही! धन्य आहात.

बुधला:
होता. फुटला. काचेचाच असतो तो.

चमचाभर:
मी चमच्याने मोजते साखर, एकही बाटली फुटली नाही आजवर.

बुधला:
चमच्याने?? आणि मला नावं ठेवतात! काटा घ्या ताई. नाहीतर एक बॅच सपक, दुसरी बॉम्ब. आणि बाटल्या जाड काचेच्याच हव्यात, हे कुणीच बोलत नाही इथे.

चमचाभर:
फुटल्या कुणाच्या, माझ्या की तुमच्या?

कडूजहर:
धागा माझा आहे, बाटल्यांचा वेगळा काढा.

मुरलेला:
ती पिल्सनर माझी होती. मला कुणी विचारलंच नाही. खरं सांगू? बिघडली होती ती. घाईत शेवटचे दोन-तीन दिवस तापमान सोळा-सतरापर्यंत वाढवायचं राहिलं, त्यामुळे यीस्टने साफ करायचं डायअसेटिल राहून गेलं, लोण्याचा भपका मारत होता. घरी पहिल्या घोटातच कळलं होतं, तरी आणली, म्हटलं बघू कुणी ओळखतंय का. आणि तुम्ही सगळे म्हणता पाणी!

फेसाळ:
आता बोला.

कडूजहर:
बरं बाबा, पुढच्या वेळी पिल्सनर आधी, आयपीए शेवटी. पण बिघडलेली बाटली आणून आमचीच परीक्षा घेणाऱ्याला ग्लास स्वतः धुवावे लागतील.

बुधला:
ते ठीक आहे हो, पण साखर किती घातली होती?