श्रूसबेरीला सुट्टीत काय काय केलंत? अनुभव लिहा

इंग्लंडात राहणाऱ्या, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. लंडन, बाथ, ऑक्सफर्डवर लिहून झालंय. श्रॉपशरमधल्या श्रूसबेरीबद्दल मात्र मराठीत शोधलं की पुण्याच्या बिस्किटांवरच गाडी येते. सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेलं हे बाजाराचं गाव. ६६० च्या वर इमारती वारसा यादीत आहेत. दोन-तीन दिवस राहायचं तर काय बघावं, काय सोडावं, आईवडिलांना झेपेल का, ते लिहा. स्वतः पाहिलेलं हवं, वेबसाइटवरची यादी नको.

* * *

बिस्किटांवर आमचीही गाडी आली होती, कारण सासूबाई सोबत होत्या. कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे, की पॅलिन नावाच्या माणसाने १७६० साली या जागी श्रूसबेरी केक बनवले. म्हणायला केक, प्रत्यक्षात बिस्किटच. आम्ही घेतलेलं पातळ, कुरकुरीत आणि लिंबाच्या सालीचा वास असलेलं होतं. सासूबाईंनी एक चहात बुडवून खाल्लं, पुडा बंद केला आणि म्हणाल्या, "कयानीचं ते कयानीचं." विषय संपला.

* * *

गाव पायीच बघा. मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद बोळांना तिथे 'शट' म्हणतात. ग्रोप लेनमध्ये तर दोन्ही बाजूंची लाकडी घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकलीत की मान वर केली तर आभाळाची पट्टीच दिसते. बुचर रो, फिश स्ट्रीट, बेअर स्टेप्स हा भाग आम्ही सकाळी दुकानं उघडायच्या आधी फिरलो. फोटो काढणाऱ्यांनी तसंच करावं.

चौकात १५९६ चा जुना बाजार आहे. वरच्या मजल्यावर आता छोटं चित्रपटगृह आणि कॅफे, खाली कमानींमधून मोकळी जागा. आत उत्तरेकडच्या टोकाला दगडी खांबात ओळीने भोकं पाडलेली दिसतील. किती लोकर विकली गेली, त्याचा हिशेब या भोकांवर ठेवत. वेल्सची लोकर आणि कापड इथे येऊन विकलं जायचं, गावाचा पैसा त्यातूनच आला. माझ्या मुलाने प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं, मीही पाहिलं. गावातल्या किल्ल्यापेक्षा हे जास्त आवडलं, खरं सांगते.

त्याच चौकात क्लाइव्हचा पुतळा उभा आहे. हो, तोच, प्लासीवाला. १७६१ पासून मरेपर्यंत तो इथला खासदार होता, १७६२ मध्ये महापौरही. २०२० साली पुतळा हटवायची मागणी झाली, काउन्सिलने तो ठेवायचं ठरवलं. नवऱ्याने विचारलं, तुझा फोटो काढू का इथे? म्हटलं, पुतळ्याचा काढ, मी बाजूला होते.

* * *

क्लाइव्हवरून आठवलं. गाडी असेल तर वेल्समध्ये वेल्शपूलजवळचा पोविस कॅसल करा. क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तूंचा संग्रह तिथे आहे, टिपूचा तंबूसुद्धा. तंबूसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. चीड आणि कौतुक एकदमच येतं.

* * *

आईवडिलांचं विचारलंय म्हणून. वाइल कॉप हा रस्ता चांगलाच चढाचा आहे. गुडघ्यांची तक्रार असेल तर तिथून वर नेऊ नका. 'व्हिक्टोरिया की' (Quay) या धक्क्यावरून 'सॅब्रिना' बोट सुटते, पाऊण तास नदीतून फिरवते. आईबाबांना बसल्या जागी गाव बघायला मिळालं. मग क्वारी बागेत गेलो. मधला डिंगल हा खोलगट भाग पूर्वी दगडाची खाण होता, आता तिथे तळं आणि फुलांचे ताटवे. टीव्हीवर गाजलेला माळी पर्सी थ्रोअर १९४६ पासून या गावच्या बागा सांभाळायचा. आमच्या बाबांनी एका बाकावर जे ठाण मांडलं ते जेवायच्या वेळेलाच उठले.

* * *

इथे कुणी फ्लॅक्समिलचं नाव काढलं नाही म्हणजे कमाल आहे! स्थापत्य अभियंत्यांनी बाकी सगळं सोडलं तरी चालेल, पण हे नाही.

१७९७ ची ही जवसाच्या धाग्याची गिरणी, लोखंडी सांगाड्यावर उभी असलेली जगातली पहिली इमारत. त्या काळच्या गिरण्यांना लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन असे. धाग्याची तूस हवेत, उजेडाला मेणबत्त्या आणि दिवे. एक ठिणगी पडली की गिरणी खाक. म्हणून चार्ल्स बेजने ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया वापरल्या, त्यांवर विटांच्या कमानी टाकल्या. खांब जवळून बघा: गोल नाहीत, अधिक चिन्हाच्या आकाराचे आहेत, आणि मधोमध किंचित जाड. कुठे जास्त ताकद लागेल याचा विचार त्या काळात केलेला होता. पुढे तिथे बार्लीचं माल्ट बनू लागलं, तेव्हा बऱ्याच खिडक्या विटांनी बुजवल्या. २०२२ पासून आत जाता येतं. शिकागो-न्यूयॉर्कच्या टोलेजंग इमारतींचं मूळ इथे आहे, आणि पर्यटक मात्र सगळे चौकात कॉफी पीत बसलेले.

* * *

सेंट मेरी चर्चची रंगीत काच बघाच. बाहेर रॉबर्ट कॅडमन नावाच्या डोंबाऱ्याची पाटी आहे. कळसापासून नदीपलीकडे बांधलेल्या दोरावरून तो घसरत यायचा. एकदा दोर तुटला आणि त्यातच तो गेला.

अ‍ॅबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च, १०८३ ची. तिच्या आवारात कवी विल्फ्रेड ओवेनचं स्मृतिशिल्प आहे. पहिलं महायुद्ध संपायला आठवडा असताना तो मारला गेला. आईवडील याच गावात राहत. तार आली ती ११ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. हे वाचल्यावर त्या दिवशी पुढे कुठे गेलो नाही.

* * *

डार्विन राहिला की! जन्म इथलाच, १८०९ चा. त्याची शाळा होती त्या इमारतीत आता वाचनालय आहे, दारात त्याचा पुतळा. पाच मिनिटांचं काम.

* * *

खाण्याचं: मार्केट हॉल. १९६५ ची विटांची इमारत आणि उंच घड्याळाचा मनोरा, बाहेरून अजिबात देखणी नाही. आत वरच्या मजल्यावर भाजी, चीज, मासळी आणि मधेच टेबलं टाकलेली छोटी खानावळी दुकानं. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. शनिवारी जागा मिळणं कठीण.

* * *

ट्रेनने जा, बर्मिंगहॅमहून साधारण तास लागतो. स्टेशनाचे फलाट थेट नदीवर गेलेत, आणि दक्षिणेच्या टोकाला १८० खटक्यांची सिग्नल केबिन आहे. हाताने खटके ओढून चालणारी जगातली सगळ्यात मोठी. गाडीनेच जाणार असाल तर 'पार्क अँड राइड' वापरा, म्हणजे गाडी गावाबाहेर ठेवून बसने आत जा. हिवाळ्यात फ्रँकवेलच्या वाहनतळावर गाडी ठेवायच्या आधी नदीची पातळी बघा, तिथे पुराचं पाणी येतं.