सायकसच्या मधोमध लोकरी गड्डा आलाय, नवी पानं कोणीतरी खातंय, झाड वाचवायचंय

बागवेडी_इंदूर:
नमस्कार मंडळी, सुदामानगरला आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला सायकस आहे, ते आता नाहीत त्यामुळे या झाडात माझा फार जीव आहे. यंदा मधोमध पिवळट तपकिरी, हाताला मखमली लागणारा मोठा गड्डा आलाय. नर्सरीवाला म्हणतो लगेच कापा नाहीतर झाड बसेल. दुसरं म्हणजे पावसाळ्यात कोवळी पानं निघाली की दोन-चार दिवसांत नुसत्या काड्या उरतात. आणि बुडाशी मातीतून पोवळ्यासारखे फाटे फुटलेले पुंजके वर आलेत, तो रोग आहे का? माती आपली नेहमीची काळी. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

मास्तर_बॉटनी:
ताई, आधी ती कात्री बाजूला ठेवा. गड्डा म्हणजे तुमचं झाड मादी आहे आणि ते वयात आलंय, एवढाच अर्थ. सायकॅडमध्ये, म्हणजे सायकस ज्या गटातला त्या झाडांमध्ये, नर वेगळा, मादी वेगळी. नराला मधे उभा लांबट शंकू येतो, मादीला असा गड्डा. त्यातलं एक लोकरी पान हलकेच बाजूला करून बघा, खालच्या देठावर दोन्ही कडांना गोल बीजांडं लागलेली दिसतील, उघडी, फळाबिळात झाकलेली नाहीत. अनावृत्तबीजी म्हणतात ते हेच. सायकसच्या मादीचा वाढीचा कोंब यात संपत नाही, पुढची पानं त्याच गड्ड्याच्या मधून वर येतात, म्हणून कापायची गरजच नाही, उलट कापताना कोंबाला इजा झाली तर खरं नुकसान. बिया मोठ्या होऊन केशरी-लाल होतील, पण जवळपास नर नसेल तर त्या उगवणार नाहीत.

पुंजके हा रोग नाही, ती मुळंच आहेत. बाकीची मुळं खाली जातात, ही वर येतात. एक छोटा तुकडा ब्लेडने आडवा कापून बघा, आत निळसर हिरवं कडं दिसेल. ते नील-हरित शैवाल, हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतं. म्हणून याला युरियाचा मारा करू नका आणि ते पुंजके खुरपून काढू नका.

मी शिकवताना दर वर्षी मुलांना सांगतो, या झाडाचे शुक्राणू पोहतात! परागकण बीजांडापर्यंत आला की त्यातून नळी फुटते आणि शेवटी शुक्राणू सुटून बीजांडातल्या थेंबभर द्रवातून पोहत अंड्यापर्यंत जातात. 1896 मध्ये जपानात इकेनो या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे सायकसमध्येच पाहिलं, त्याच वर्षी हिरासेने गिंको नावाच्या झाडात. झामिया नावाच्या दुसऱ्या सायकॅडचे शुक्राणू तर इतके मोठे की नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसतात. नेच्याची (फर्नची) ही जुनी रीत बी देणाऱ्या झाडात टिकून राहिली याचं मला अजून नवल वाटतं.

माळव्यातली_फुलपाखरं:
पानं खाणारं कोण ते मी सांगते. प्लेन्स क्युपिड, करड्या-निळ्या रंगाचं नखाएवढं फुलपाखरू. मादी बरोब्बर कोवळ्या, अजून गुंडाळलेल्या पर्णिकांवर अंडी घालते. अळ्या हिरवट किंवा लालसर, चपट्या, पटकन दिसत नाहीत, पण मुंग्यांची ये-जा दिसली की समजायचं. अळी गोड थेंब देते, मुंग्या तिच्याभोवती राहतात. पान एकदा कडक झालं की अळीला ते खाता येत नाही, म्हणजे सांभाळायचे दिवस थोडेच असतात. कोंब फुगायला लागला की मच्छरदाणीचं कापड सैलसर बांधा आणि पानं पूर्ण उघडून कडक झाली की काढा. उशीर झाला असेल तर सकाळ-संध्याकाळ हाताने अळ्या वेचा, पाण्याचा जोरदार फवारा मारा, फारच झाल्या तर बीटी, म्हणजे जिवाणूंपासून केलेलं अळीनाशक. जहाल कीटकनाशक नको, माझी कळकळीची विनंती आहे. फुलपाखराचं पोट त्या झाडावर आहे, झाड मोठं असेल तर नव्या पानांचा एखादा बहर गेला तरी मरत नाही.

धारकर:
वर कोणी लिहिलं नाही पण नर्सरीवाले सर्रास सांगतात की डायनासोर हेच झाड खायचे. सायकॅडचे जीवाश्म साधारण 28 कोटी वर्षांपर्यंत मागे जातात हे खरं, पण 2011 मध्ये डीएनएवरून काढलेला हिशोब असा की आज जिवंत असलेल्या जाती बहुतेक गेल्या सव्वा कोटी वर्षांच्या आसपासच फुटल्या. आमच्याकडे धार जिल्ह्यातल्या बाग गावाजवळ डायनासोरची अंडी सापडतात ती साडेसहा कोटी वर्षांहून जुनी, म्हणजे अंगणातला सायकस त्यांनी बघितलेला नाही, त्याचे पूर्वज बघितले असतील. राजमहालच्या डोंगरातले सायकससारखे दिसणारे जीवाश्म तर बरेचसे वेगळ्याच घराण्यातले, जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी 1932 मध्ये त्यातल्याच एका, विल्यमसोनिया नावाच्या नामशेष वनस्पतीचं अख्खं झाड कसं दिसत असेल ते मांडलं होतं.

आणि नर-मादी वेगळं असणं किती महागात पडतं ते बघा, दक्षिण आफ्रिकेत 1895 मध्ये एन्सेफॅलार्टोस वूडी नावाच्या सायकॅडचं एकच झाड सापडलं, नर. मादी आजतागायत मिळालेली नाही. जगभरच्या बागांत आहेत ती सगळी त्याचीच, बुडाला फुटणाऱ्या फुटव्यांपासून केलेली पिल्लं.

बागवेडी_इंदूर:
खूप खूप आभार सगळ्यांचे, गड्डा कापत नाही. घरात कुत्रा आहे, त्याला काही होईल का? आणि बुडाला पिल्लं आलीत ती कधी काढू?

मास्तर_बॉटनी:
कुत्र्याचं फार गंभीरपणे घ्या. पूर्ण झाड विषारी, बिया सगळ्यात जास्त. त्यातल्या सायकासिन नावाच्या विषामुळे उलट्या होतात, लिव्हर जातं, थोड्या बियांनीही जीव जाऊ शकतो. बिया रंगायला लागल्या की रोज वेचून टाका किंवा बुडाभोवती जाळी लावा, आणि त्याने चघळलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. केरळात सायकसच्या बियांचं पीठ खातात ते बरीच प्रक्रिया करून, घरी असले प्रयोग नकोत.

पिल्लं फेब्रुवारी-मार्चात काढा, पावसाळ्यात अजिबात नाही, जखम कुजते. धारदार पात्याने काढायची, पानं छाटायची, सावलीत काही दिवस जखम सुकू द्यायची, मग जाड वाळू नि मुरूम जास्त असलेल्या कुंडीत अर्धी रोवायची. पाणी बेताचं. मूळ झाडाभोवतीही काळ्या मातीत पाणी साचत असेल तर चर काढून द्या, खोड दाबून बघा, मऊ लागलं तर कूज सुरू झालीय. नवी पानं पिवळी, आखडलेली येत असतील तर मँगनीजची कमतरता, आपल्या चुनखडीच्या मातीत ते झाडाला मिळत नाही, मँगनीज सल्फेट द्या. जुनी पानं पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम. फोटो टाका म्हणजे नक्की सांगता येईल.