कुत्र्यांची कानदुखी: घरी काय करता, काय टाळता? (अनुभव धागा)

शेपूटवाली
आज खाली एक लॅब्रेडॉर मान वाकडी करून सारखं डोकं झटकत होता, आणि जुनं सगळं आठवलं. म्हटलं धागा काढूच. सुरुवात माझ्याकडून: इअरबड नको म्हणजे नको. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते. बडने मळ त्या वळणावर ठासला जातो आणि वरून घातलेलं औषध पुढे सरकतच नाही.

भुंकेश
+१. साफ करायची पद्धतही लिहून टाकतो, नाहीतर दहा जण विचारतील. कुत्र्यांच्या कानासाठीच्या क्लीनरची बाटली थोडा वेळ मुठीत धरून गारवा घालवा. गार द्रव एकदा कानात गेला की पुढच्या वेळी बाटली दिसताच स्वारी पलंगाखाली. पाळी वर ओढून धरा, नळी भरेपर्यंत ओता (दोन थेंबांनी काही होत नाही), नोझल कानाला टेकवू नका. मग कानाच्या बुडाशी, जबड्यामागे, अर्धा मिनिट चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव खाली पोचला. मग सोडा, झटकू दे. वर आलेला मळ बोटाला गॉझ गुंडाळून टिपायचा, बोट जाईल तेवढाच. औषधाचे थेंब 10-15 मिनिटांनी, नाहीतर ओल्या कानात पातळ होतात.

गुरगुरे
यात भिंत पुसणं राहिलं. आणि चष्मा.

कानोसा
भुंकेश, पद्धत बरोबर, पण कान सुजून नळी बंद झाली असेल किंवा हात लावताच कुत्रा किंचाळत असेल तर हे घरी करूच नका. तेव्हा आधी सूज उतरवतात, साफसफाई नंतर, गरज पडली तर गुंगी देऊन. कानाचा पडदा शाबूत आहे ना हेही डॉक्टरांनी बघायला हवं. फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक), जेंटामायसिन, निओमायसिन (अँटिबायोटिक्स) मधल्या कानात उतरून कायमचं बहिरेपण येऊ शकतं. मान कललेली, तोल जातोय, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलतायत, असं दिसलं तर कानात काहीही न घालता उचला आणि न्या.

मिष्टी_ची_आई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. तपकिरी, तेलकट, आंबूस वास: बहुतेक यीस्ट (बुरशी). पिवळा-हिरवट पू आणि नाक धरावं असा वास: जिवाणू. सुका काळपट चुरा, कॉफीच्या चोथ्यासारखा, त्यातून पिल्लू असेल तर माइट्स (कानातले बारीक किडे). पण हा अंदाजच. कानातल्या मळाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय मागच्या वेळची उरलेली बाटली उघडू नये.

शेपूटवाली
ताई, हे शेवटचं वाक्य फ्रेम करा. शिवाय वास गेला म्हणून थेंब बंद करणारे लोक! तपासणीत कान स्वच्छ आला की मगच थांबायचं. अर्धवट सोडलं की तेच दुखणं परत, आणि जिवाणू चिवट झालेले.

गुरगुरे
वाळल्या गवतातून फिरून आल्यावर अचानक एकच कान झटकायला लागला तर कुसळ समजा. चिमट्याने शोधाशोध नको, आत सरकतं.

कानोसा
झटकून झटकून पाळी टम्म फुगली तर आत रक्त साचलंय. सुईने काढू नका, पुन्हा भरतं आणि वर जंतुसंसर्ग. माणसांचं आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) चालू असताना मेलोक्सिकॅम हे वेदनाशामकही नाही, पोटात अल्सर होतात.

भुंकेश
प्रेडनिसोलोनवर पाणी खूप पितात, तेव्हा रात्री एक जादा फेरी ठरलेली. हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, स्पिरिट यांचं काय ते कुणी सांगा.

मिष्टी_ची_आई
सोललेल्या कातडीवर झोंबतं, एवढंच. नको. शिट्टी झाली, येते.

पंजाबापू
दर दोन महिन्यांनी तेच होत असेल तर कानाच्या मागे लागू नका, अ‍ॅलर्जी शोधा. सोबत पंजे चाटतो का बघा. आहार बदलून निदान 8 आठवडे, आणि त्यात बाकी काहीच नाही. चव लावलेली जंताची गोळीसुद्धा मोजली जाते.

गुरगुरे
आजीने टेबलाखालून दिलेलं मोजतात का?

पंजाबापू
तेच तर सगळ्यात आधी.

नवखी
मांजराच्या कानालाही हेच सगळं चालतं का?

शेपूटवाली
कुत्र्याची औषधं मांजराला नको, पर्मेथ्रिन (कीटकनाशक) असलं तर जीव जातो. वेगळा धागा काढ गं, ओरखडे तिथे मोजू.