घरच्या प्रार्थनेतून बहुभाषिक मंडळी उभी राहत असताना उपासना कोणत्या भाषेत करावी?

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणात आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. तेव्हा दोनच कुटुंबे होती, दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातली, त्यामुळे सगळे मराठीत चाले. पुढे खडकीचे एक तमिळ कुटुंब येऊ लागले, मग यजमानांच्या कारखान्यातले तेलुगू जोडपे, परिचारिका असलेल्या दोन मिझो मुली आणि आमच्याच सोसायटीच्या पहारेकऱ्याचे नेपाळी कुटुंब. आता लहानमोठी धरून २६ माणसे बसतात आणि मंडळी (चर्च) म्हणून रीतसर उभे राहावे, असे सर्वांच्या मनात आहे.

सर्वांना समजावे म्हणून सहा महिन्यांपूर्वी आम्ही सगळी उपासना हिंदीत आणली. तेव्हापासून सासूबाई गाणे थांबल्या आहेत. तमिळ आजोबाही मान खाली घालून बसतात. ज्यांच्यासाठी हिंदी आणली, त्या नेपाळी ताई तर अजूनही दाराशी, चपलांच्या कडेला बसतात आणि शेवटच्या प्रार्थनेला सर्वांचे डोळे मिटलेले असतानाच उठून आत जाऊन चहाचे कप मांडू लागतात. त्यांना हे काम कोणीही सांगितलेले नाही. मी तीन वेळा हात धरून आत बसवले, पण पुढच्या रविवारी त्या पुन्हा दाराशीच. भाषा कोणती ठेवावी आणि नोंदणीचे काय करावे, याविषयी अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त पाळक, अहिल्यानगर)

ताई, तुम्ही विचारले आहे भाषेविषयी, परंतु तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला त्या दाराशी बसणाऱ्या बहिणीची वाटते. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय ६ पुन्हा वाचा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, ती उपदेशाच्या भाषेबद्दल नव्हती; रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, ही त्यांची तक्रार होती. त्यावर जे सात जण निवडले गेले, त्यांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदी नसलेला मनुष्य होता. ज्यांच्या बाजूने गाऱ्हाणे आले, त्यांच्याच भाषेतल्या नावांच्या माणसांकडे पंगतीची व्यवस्था गेली. तुमच्याकडे दानार्पणाचा हिशोब कोण ठेवतो, प्रार्थनेचे विषय कोण ठरवतो, आजाऱ्याला भेटायला कोणी जायचे हे कोण सांगतो? या सर्वांचे उत्तर आपलीच दोन मराठी कुटुंबे असे असेल, तर उपासना कोणत्याही भाषेत केली तरी बाकीचे पाहुणेच राहतील.

आता भाषेविषयी. हिंदी तुमच्यापैकी कोणाचीच मायबोली नाही. तिचा उपयोग निरोपापुरता, सूचनेपुरता आणि फार तर उपदेशापुरता करावा. गायन आणि प्रार्थना मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत असू द्यावी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग-ओवीत जे लिहिले, ते ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून आपल्या आजीपणजीच्या तोंडी बसले आहे. ते सासूबाईंकडून काढून घेऊन मंडळीला काय मिळणार? तीच किंमत तमिळ आजोबांच्या गीतांना आहे, हेही आपण मराठी माणसांनी मनोमन मानले पाहिजे. वचन वाचताना एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी आपापल्या भाषेतल्या शास्त्रात (बायबलात) बोट ठेवून सोबत राहावे. नेपाळी शास्त्र देवनागरीतच असते. त्या ताईंच्या शेजारी बसून दोन ओळी तुम्ही वाचा, चुका झाल्या तर त्या सुधारतील. त्या ज्या दिवशी तुम्हाला सुधारतील, त्या दिवसापासून त्यांची जागा दाराशी राहणार नाही, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

आणखी एक सूचना. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा यांसाठी जवळच्या एखाद्या जुन्या मंडळीच्या पाळकांशी आधीच बोलून ठेवा. सहा मंडळ्या एकत्र येऊन १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हाही बाप्तिस्म्यासारख्या विषयांवर आधी अनेक वर्षे बोलणी करावी लागली होती. तुमच्याकडे निरनिराळ्या परंपरांतली माणसे आहेत. हे प्रश्न पहिल्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी निघू नयेत.

उत्तर २ (पुणे)

पाळकसाहेबांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते, कारण आमची घरगुती मंडळी नेमकी याच कारणाने फुटली. आम्ही गाणी चार भाषांत गायचो आणि त्याचे आम्हाला फार कौतुक होते. पण पंचकमिटी निवडली तेव्हा पाचही जण मराठी निघाले आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. वर्षभरात तेलुगू कुटुंबे येईनाशी झाली. आम्ही विचारायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि कामाची वेळ बदलल्याचे सांगितले. खरे कारण त्यांच्या सुनेने माझ्या आईला फार नंतर सांगितले.

जागेविषयी एक सुचवते. महिन्यातून एकदा तरी सभा दुसऱ्या घरी भरवा, मग ते घर एका खोलीचे असले तरी चालेल. स्वतःच्या घरी कोणी चपलांजवळ बसत नाही. वेळेचाही विचार करा: परिचारिकांची पाळी बदलते आणि पहारेकऱ्याला रविवार मोकळा मिळेलच असे नाही. नेपाळात शनिवारी सुटी असल्यामुळे तिथल्या मंडळ्या शनिवारी उपासना करतात; म्हणून आठवड्यातली एखादी प्रार्थना शनिवारी ठेवली तर त्या कुटुंबाला ती परकी वाटणार नाही. मिझो मुलींना देवाला ‘पाथियान’ म्हणून त्यांच्या भाषेत प्रार्थना करू द्या आणि दरवेळी तिचा अर्थ विचारू नका. शेवटचे आमेन सर्वांना कळते.

उत्तर ३ (सार्वजनिक न्यासांचे हिशोब पाहणारा)

नोंदणीपुरते लिहितो. घरी प्रार्थनेसाठी जमणे वेगळे आणि लोकांकडून देणगी घेऊन संस्था चालवणे वेगळे. न्यास स्थापन केलात, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे तीन महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पुढे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेल्यामुळे पुढच्या पिढीला वर्षानुवर्षे खेटे घालताना मी पाहिले आहे. न्यासपत्रात विश्वस्त कसे निवडले जातील आणि एकाच कुटुंबातले किती असू शकतील, हे स्पष्ट लिहा. वर पाळकसाहेबांनी जे सांगितले, ते कागदावर उतरवण्याची जागा हीच आहे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाने मंडळीला पैसे देऊ केले, तर परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेऊ नका. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने बाहेरच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र परकीय धरली जात नाही. लग्ने १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे अधिकार असलेल्या पाळकांकडूनच लावून घ्या. सोसायटीच्या समितीला वेळ आणि माणसांची संख्या आधी लेखी कळवा, आणि ध्वनिवर्धक लावूच नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेब, हिशोबाची वही आमच्याच कपाटात आहे, हे तुमचे उत्तर वाचताना ध्यानात आले आणि फार वाईट वाटले. काल ती तमिळ आजोबांच्या मुलाकडे दिली. नेपाळी ताईंना त्यांच्या घरी सभा भरवण्याविषयी विचारले, तेव्हा त्या आधी नको म्हणाल्या, मग खोलीत किती जण मावतील ते बोटांवर मोजू लागल्या. दहा जण आत आणि बाकीचे जिन्यापाशी बसतील, असे ठरले आहे. चहा मात्र त्या दिवशीही मीच करणार, असे त्यांनी बजावून सांगितले. त्यांना हो म्हणावे की नाही, हे मला अजून कळत नाही.