मदत हवी आहे: चहा स्वस्त झाला, तरी बॉस्टन का पेटलं?

नववीला अमेरिकन क्रांतीआधीचा असंतोष शिकवतेय. १७६५ चा स्टॅम्प कायदा मुलांना लगेच कळला. वर्तमानपत्रावर, करारपत्रावर, पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर! अडलंय १७७३ च्या चहा कायद्यावर. चहा उलट स्वस्त झाला, तरी बॉस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर तसाच होता आणि ब्रिटिश पार्लमेंटात वसाहतींचा प्रतिनिधी नव्हता, हे सांगितलं. चोरट्या डच चहाच्या व्यापाऱ्यांचा तोटाही सांगितला. तरी मागच्या बाकावरून आलंच, "बाई, गोदीतल्या हमालाचं काय गेलं?"

प्रश्न रास्त आहे, टाळायचा नाहीये. पेट्या फेकणाऱ्यांतल्या जॉर्ज ह्यूज या जोडे शिवणाऱ्याच्या आठवणी वाचल्या, पण त्या साठ वर्षांनी सांगितलेल्या. इंग्रजी चालेल, मराठी मी करीन; तास ३५ मिनिटांचा, म्हणून उतारा पानभरच हवा. कामगार-कारागिरांचं त्याच वर्षांतलं लेखन कुठे मिळेल?